जीपमध्ये मोठ्यानं वाचलेला मेसेज

आप्पा,

मागच्या बुधवारी सकाळी पॅकहाऊसच्या गेटात जीप आली आणि तिच्यातून एकच मुलगी उतरली. रोज चौदा जणी उतरतात. डिंभ्याकडून यायला दीड तास लागतो. तेवढा वेळ एकमेकींच्या मांडीवर बसून आलेल्या बाया उतरताना पदर झटकतात, ड्रायव्हरला टोमणे मारतात, हसतात. त्या गलक्यावरून मला आत बसल्या बसल्या कळतं की आठ वाजले. त्या दिवशी गलका झालाच नाही. मी बाहेर आलो तर ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलेला, आणि ती गेटाशी उभी. ड्रायव्हर मला म्हणाला, "भाऊ, काय लिवलं वो तुमी? गाडीत मयत झाल्यावानी झालं."

तुम्हाला हे पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आता तेविसाचा आहे, आणि मधलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणतो, पण एका सरांवर चिडून वर्गाच्या ग्रुपवर असं काही लिहिलं की परत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सरांनी माफ केलं असतं, तसा निरोपही धाडला होता त्यांनी. मीच गेलो नाही. आणि ते सर शिकवायचे काय, तर धंद्यातला पत्रव्यवहार. वाचणारा कोण, तो कुठं आहे, त्यानं वाचून काय करायचं, हे ठरल्याशिवाय पेनाला हात लावू नका म्हणायचे. मी मागच्या बाकावरून मनात म्हणायचो, एवढं काय त्यात? आमचे आप्पा कुणी न शिकवता हेच करायचे.

खरंच करायचात. मला डिंभे धरणावरची, तुमच्या नोकरीतली ती क्वार्टर आठवते. ऑफिसातून कागद यायचा: सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, अमुक दिनांकास नदीपात्रात विसर्ग करण्यात येणार असल्याने. तुम्ही तो चुलीशी बसून आईला वाचून दाखवायचात. आई भाकरी थापतेय, तिचा हात थांबत नाही. तुम्ही विचारता, "काय कळलं?" ती म्हणते, "पानी येनार हाय." "मंग तू काय करशील?" "मी काय करायचंय? माझी का मोटार हाय नदीत?" तुम्ही हसता, आणि पाटीवर खडूनं लिहायचं वाक्य तिथंच जुळवता: मोटारी काढा, उद्या सकाळी नदीला पाणी येतंय. मोटारी आधी, पाणी मागून. मी विचारलं होतं, असं उलटं का? तुम्ही म्हणालात, "ज्याची मोटार हाय त्यो उभा राहून वाचत न्हाई, चालता चालता वाचतो. त्याला पहिले दोन शबूद दिसत्यात."

एकदा पाटीवर मला लिहू दिलंत. माझं अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिलं, आणि खाली माझ्या मनानं जोडलं: न काढल्यास मोटार वाहून गेली तर रडत यायचं नाही. मला ते लई भारी वाटलं होतं. तुम्ही तळहातानं ते वाक्य पुसलंत, माझ्याकडं न बघता. "ह्ये कुनासाठी लिवलंस?" मी म्हणालो, जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी. तुम्ही म्हणालात, "जे ऐकत न्हाईत ते वाचत बी न्हाईत. ह्ये वाचनार ज्यानं मोटार कवाच काढलीय त्यो. त्याला कशाला डिवचतो?" मग सायकलवर मागं बसवून घोडेगावापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, एवढ्याशा वाक्याचं काय एवढं. मला आजवर तसंच वाटत होतं.

आता पॅकहाऊस. खोडदच्या रस्त्याला आहे, गेटातून दुर्बिणीच्या त्या मोठाल्या अँटेना दिसतात. द्राक्षं येतात, बाया मणी निवडतात, पेटीत भरतात, पेटी परदेशी जाते. मी हजेरी बघतो आणि निरोप धाडतो. उद्या किती पेट्या, कुठल्या बागेचा माल, टोपी-ॲप्रन कुणाचे धुवायचे, हे सगळं रोज संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. डिंभ्याच्या वरच्या गावांना रेंज नाही. बाया पहाटे चालत फाट्यावर येतात, जीपमध्ये बसतात आणि तिथं फोन वाजतो. मोठा फोन एकीकडंच आहे. ती तो निरोप मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात. हे मला दोन वर्षं ठाऊक आहे. माझा एकही निरोप कुणी एकटीनं वाचलेला नाही.

ती म्हणजे तीच, गेटाशी एकटी उतरलेली. लाईनीच्या शेवटाला उभी राहून पेटी तपासते. तिचं काय सांगू आप्पा. पेटी नापास केली तर बाईकडं बघून असं काही बोलते की बाई हसत हसत परत भरते. मला ते कधी जमलं नाही. रविवारी मी तिला विचारलं, लग्न करशील का. ती म्हणाली, "सांगीन. घाई करू नका." सोमवार गेला. मंगळवारी मी जेवणाच्या सुट्टीत परत विचारलं. "तुमाला रोज उठून पेटी मोजल्यासारखं इचारायचंय का?" म्हणाली आणि डबा घेऊन बायांमध्ये जाऊन बसली. बाया हसल्या. कशाला हसल्या देव जाणे, त्यांचं त्यांचं काही असेल. मला वाटलं मलाच हसल्या. माझ्या डोक्यात जाळ.

संध्याकाळी जीप गेल्यावर मॅनेजरनं बोलावलं. उद्या दुपारी ऑडिट, परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येणार. खाण्याच्या मालात काच नको हा नियम जुनाच आहे, भिंतीवर बांगडीवर फुली मारलेलं चित्र आहे. पण रोजचं चालून जायचं, ॲप्रनची बाही खाली ओढली की झालं. मॅनेजर म्हणाला, "उद्या एका बी हातात काच दिसली तर आपला माल बंद. तू नीट समजावून लिही." नीट समजावून, असं म्हणाला होता. मी गेटाबाहेर आलो, तिला मी धाडलेल्या मागच्या तीन मेसेजांना उत्तर नव्हतं, आणि मी उभ्या उभ्या लिहिलं: उद्या ऑडिट आहे. एकीच्याही हातात बांगडी दिसता कामा नये. सगळ्यांनी मोकळ्या हातांनी यायचं. कितीदा सांगायचं? ज्यांना हसण्यातून वेळ मिळत नसेल त्यांनी घरी बसावं. जी घालून येईल तिच्या मी स्वतः गेटवर फोडीन.

पाठवलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

बुधवारी गेटाशी ती ओरडली नाही. हळू बोलली, म्हणून ड्रायव्हरलाही गाडी बंद करावी लागली. "रोजच्यावानी वाचायला लागले मी. पुढं काय हाय ते मला काय ठावं? 'मोकळ्या हातांनी' म्हनले तवा मागं एकदम गप झालं. तरी वाचतच गेले. फोडीन हे तुमचं, पर माझ्या तोंडातून गेलं. माझी आय शेजारी बसलेली. तिनं दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दावले आन् म्हनली, बघा गं, ह्या सायबाला समद्यांचे हात असे पायजेत. गाडी थांबव म्हनली. उतरल्या समद्या." तिचे वडील गेल्याला तीन वर्षं झाली. तिच्या आईच्या हातात काही नसतं. त्या चौदा जणींत एकच मोकळे हात, आणि मी लिहिलं होतं सगळ्यांनी तसं या.

आप्पा, दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर चाललं असतं. शहरातून आलेल्या एखाद्या पोरानं. त्याला काय माहीत, नवऱ्याच्या नावानं बाई बांगडी घालते, आणि ती फुटली तरी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणते. पण मी तिथं होतो. तुम्हाला ओट्यावर ठेवलं होतं. आत स्वयंपाकघरात चार बाया आईला धरून बसल्या होत्या, मी दाराच्या फटीत उभा. आईचा हात पाट्याच्या दगडावर ठेवला. तो आवाज फार मोठा नसतो. आई रडत नव्हती, ती नुसती हाताकडं बघत होती, दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी. नंतर कितीतरी दिवस भाकरी थापताना तिचा हात वाजायचा नाही आणि मी घरात आलो तरी ती आत आहे की नाही कळायचं नाही. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं ते वाक्य लिहिलं.

मॅनेजर दहाला आला. रिकामी लाईन बघून त्यानं शिवी दिली नाही, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. ते जास्त वाईट. फोन लावून त्यानं ऑडिट एक दिवस पुढं ढकललं, मालाची गाडी उशिरा आहे असं खोटंच सांगून. मग म्हणाला, "उद्या सकाळी बाया दिसल्या पायजेत. धमकावून आनल्या तर त्या ऑडिटवाल्यापुढं तोंड फुगवून बसतील, ते बी चालायचं न्हाई. आन् नाय आल्या तर तू बी त्या जीपमधनं वर जा, हिकडं येऊ नको." वरची बाग तोडून झालेली, माल शेडमध्ये उतरलेला. मी हजेरीच्या वहीतला कागद फाडला आणि लिहायला बसलो.

पहिल्यांदा लिहिलं की माझा तसा हेतू नव्हता, कामाचा ताण होता, वरून दबाव होता, माझ्या मनात तुमच्याबद्दल आदरच आहे. पान भरलं. ती कट्ट्यावर बसली होती, घरी जायला जीप संध्याकाळीच. मी कागद तिच्यापुढं धरला. तिनं हातात घेतला नाही. "वाचा," म्हणाली. मी वाचला. स्वतःचं लिहिलेलं तिच्यासमोर मोठ्यानं वाचताना अर्ध्यावरच मला पुढचं वाचवेना. "ह्यात बाया कुठं हायेत?" तिनं विचारलं. "समदं तुमचंच हाय. तुमाला ताण, तुमच्यावर दबाव, तुमच्या मनात आदर. माझ्या आयनं हे ऐकून काय करायचं, तुमच्या डोस्क्यावर हात फिरवायचा?"

मी चिडलो. तिथंही चिडलो, आप्पा. म्हणालो, मग तूच सांग काय लिहू. "मी न्हाई सांगनार. काल मला इचारून लिवलं व्हतं का?" आणि तोंड फिरवून अँटेनांकडं बघत बसली.

दुसरा कागद घेतला आणि पेन खाली ठेवलं. सरांचं ते 'वाचणारा कोण' आठवलं, तुमचं चुलीपुढचं आठवलं. डोळे मिटून जीप बघितली. पुढं ड्रायव्हर, शेजारी दोघी, मागं समोरासमोर बाकी. कोण कुठं बसतं ते मला ठाऊक नाही हे तेव्हा कळलं. दोन वर्षं निरोप धाडतोय आणि मी त्यांना उतरतानाच बघितलंय. मी तिला विचारलं. ती सांगायला लागली. मागं उजवीकडं नव्या लग्नाची, आखाडात लग्न ठरून मार्गशीर्षात झालं, तिच्या हातात अजून लग्नाचा हिरवा चुडा. तिच्या बाजूला तिची सासू. दाराशी जी बसते तिचा नवरा पुण्याला दवाखान्यात आहे, पंधरा दिवस झाले. "तिनं तुमचं वाक्य ऐकलं आन् दांडी धरून बसली. उतरली बी सगळ्यांच्या शेवटी." मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी हजेरीला त्यांच्यापुढं फुल्या मारतो.

मग विचारलं, बांगडी भरताना जुन्या सगळ्या काढतात तेव्हा हात मोकळा राहतोच ना? त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "मोकळा कवाच ठेवत न्हाईत. एक तरी ठेवत्यात. नायतर दोरा बांधत्यात हळदीचा, मंग काढत्यात."  ॲप्रनच्या बाहीला रबर आहे, त्यावर हातमोजा येतो. आत दोरा असला तर कुणाच्या पेटीत काय जाणार? मी धावत मॅनेजरकडं गेलो. त्यानं डोकं खाजवलं, नियमाचा कागद काढून वाचला, म्हणाला, "काच नको, धातू नको लिवलंय. मोज्याच्या आत दोरा असंल तर मी बोलतो त्याच्याशी. पर कबूल करून घेऊ नको, बोलतो म्हनलोय."

दुसऱ्या कागदावर चार ओळी झाल्या. लिहून झाल्यावर म्हणालो, संध्याकाळी फाट्यावर बायांना तू वाचून दाखव. ती उठून उभी राहिली. "माझ्या तोंडानं आता तुमचं काय बी जायचं न्हाई. यायचं तर या."

चारला निघालो. ती पुढं बसली, मी मागं रिकाम्या बाकावर. कळंब, घोडेगाव, पुढं घाट जवळ येत चालला तसा मी त्या चार ओळी घोकत होतो आणि प्रत्येक वळणाला एक शब्द गळत होता. डिंभ्याच्या फाट्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं सकाळीच सांगून ठेवलं असावं की संध्याकाळी थांबा, कारण दहा-बारा जणी चिंचेखाली बसल्या होत्या. मी येईन हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. मला बघून एक म्हातारी म्हणाली, "आला गं बांगड्या फोडनारा." कुणी हसलं नाही.

मी कागद काढला. दोन्ही हातांनी धरला. नव्या सुनेची सासू पुढं आली, सुनेचं मनगट धरून तिनं माझ्यापुढं केलं. हिरवा चुडा कोपरापर्यंत. "गेटावर कशाला? हितंच फोड की राव. धर. पुरुष हायेस ना, धर हात." सून मान खाली घालून रडायला लागली. ह्यासाठी कागदावर ओळ नव्हती. मी कागदाकडं बघितलं, मग जीपकडं, तिच्याकडं बघितलं. ती जीपला टेकून उभी होती, मदतीला येणार नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

मी म्हणालो, "माझ्या आईच्या फोडल्या तवा मी दारात व्हतो. तरी मी ते लिवलं. मला कळत व्हतं आन् तरी लिवलं." एवढंच निघालं. सासूनं सुनेचा हात सोडला नाही, पण खाली घेतला. मग मी कागद वाचला. उद्या कुणी मोकळ्या हातांनी येऊ नका. घरून हळदीचा दोरा बांधून या. बांगड्या घरी देवापुढं ठेवा, तपासणी झाली की परत भरा. दोरा चालंल का, हे मॅनेजर उद्या बोलणार आहेत, नाही चाललं तर जीप तशीच परत आणून सोडीन, कुणाचा खाडा धरणार नाही. माझं कालचं चुकलं.

 धरणावरून वारा येत होता. मग जीपमध्ये हात वर करून दाखवणारी, तिची आई उठली. बारीक बाई, माझ्या खांद्याला लागेल एवढी. म्हणाली, "ह्येंच्या दोऱ्याचं झालं. माझ्यासाटी काय लिवलंय?"  तिच्यासाठी मी काहीच लिहिलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की तिचे हात तर नियमातच बसतात. मी म्हणालो, "तुमच्यासाठी काय न्हाई लिवलं, मावशी. तुमचा मी इचारच केला न्हाई."  "खरं बोलला निदान," म्हणाली आणि वाटेला लागली.

गुरुवारी जीपमधून नऊ जणी उतरल्या. नवी सून नाही, तिची सासू नाही. दाराशी बसणारी आली, दोन्ही हातांना तीन-तीन वेढे दोरा घालून. मोकळ्या हातांची मावशीही आली, आणि तिच्याही मनगटाला पिवळा दोरा होता. कुणी बांधला ते मी विचारलं नाही. ऑडिटवाल्यानं हातमोजा काढायला लावून बघितलं, मॅनेजर त्याच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलला, शेवटी त्यानं शेरा लिहून लाईन पास केली. मी कामावर आहे. पाच जणी अजून आलेल्या नाहीत. त्या दुसऱ्या पॅकहाऊसला लागल्या असं ड्रायव्हर म्हणतो, आणि त्यातल्या कुणाला मी आता काही लिहू शकत नाही.

आणि ती. काल म्हणाली, "रविवारचं तुमाला सांगायचं राहिलंय. मी हो म्हननार व्हते. आता न्हाई म्हनत न्हाई, पर हो बी म्हनत न्हाई. थांबायचं तर थांबा." किती दिवस, असं मी विचारणार होतो. तोंड उघडलं आणि मिटलं.

आज सुट्टी. नारायणगावच्या खोलीत बसून सकाळपासून हे लिहितोय. तुम्हाला धाडायला पत्ता नाही, ते लिहायला घेतानाच ठाऊक होतं. आई बाहेर तांदूळ निवडतेय, मधूनच विचारते, "काय लिवतोस एवढं?" मी म्हणतो, काही नाही, कामाचं. बुधवारचं तिला मी काहीच सांगितलेलं नाही. त्या दिवशी पाट्यापाशी तिला काय झालं होतं, हे अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. हे सगळं ऐकायला पाहिजे ती माझ्यापासून पाच पावलांवर बसली आहे, आप्पा. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचून माझ्याकडं बघणार नाही.